कस्तुरीचं हसू

“ऐकू येतंय का, एवढंच म्हणालो होतो मी तिला,” आमचे हे म्हणाले आणि पुन्हा खाकी कापडावर कात्री चालवायला लागले.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि एवढ्यावर ती इतकी हसली?”

“हं.”

आमच्या घरात ‘हं’ मिठासारखा होता, सगळ्यात पडायचा. जेवायला वाढू का, हं. पाऊस येईल का, हं.  मी वर भिंतीकडे बघितलं. तिथं, शिवणाच्या मशीनच्या बरोबर वरती, ती हसत होती.

कस्तुरी, ह्यांची पहिली बायको. काविळीनं गेली, तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मूलबाळ नव्हतं. मागं राहिला तो हा फोटो. विजापूरच्या गोलघुमटात, अगदी वरच्या सज्जात, भिंतीला कान लावून उभी आहे, एक हात तोंडावर, डोळे मिटलेले आणि हसू बोटांच्या फटींतून बाहेर आलेलं. मेलेल्या माणसाचा फोटो कसा हवा? समोर बघणारा, गंभीर. बघणाऱ्याला घटकाभर वाईट वाटलं पाहिजे. हिला हार घातला की हाराचीच गंमत वाटल्यासारखी आणखी हसायची.

मी महानंदा, मंगळवेढ्याची. पाठच्या बहिणींची लग्नं खोळंबली होती म्हणून वडिलांनी मला बिजवराला दिली. त्याचं मला दुःख नव्हतं. माणूस निर्व्यसनी होता, सोलापुरात बाळीवेशीत स्वतःचं दुकान होतं, शाळेचे गणवेश शिवायचे. पुढं दुकान, मागं घर. पण सवत भिंतीवर राहून दिवसभर हसणार आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

जूनमध्ये गणवेशांची गर्दी उसळायची, बटणांची काजं मी करायचे. पोरांच्या आया माप द्यायला यायच्या आणि हटकून वर बघायच्या.

“कोण हो ह्या? किती गोड हसतात!”

हे म्हणणार, “हं.” म्हणजे सांगायची पाळी माझ्यावर. गळ्यात टेप अडकवून, हातात पोराची चड्डी धरून, मी माझ्याच नवऱ्याच्या पहिल्या बायकोची माहिती गिऱ्हाइकाला द्यायची. त्या बाया ‘अरेरे’ म्हणायच्या, पुन्हा एकदा फोटोकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. त्या दुसऱ्या बघण्यानं माझ्या अंगाची आग व्हायची.

त्यात भर म्हणून प्रभावतीअक्का. ह्यांची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत राहायची. दुपारी शेंगा फोडायला आमच्याकडं येऊन बसायची आणि शेंगांबरोबर मलाही फोडायची.

“विजापूरहून आली न्हवं, महिनाभर हसत हुती बघ कस्तुरी,” ती सांगायची. “भाकरी थापताना हसायची, धुणं वाळत घालताना हसायची. विचारलं तर म्हणायची, ‘काय न्हाई अक्का, असंच.’ सिद्दूनं कानात काय सांगितलं हुतं कुणास ठाऊक. नवराबायकोतलं असणार कायतरी. आपण कशाला विचारा?” मग शेंग दातानं फोडत माझ्याकडं बघायची. “तुला न्हाई का गं कधी असं हसवलं त्यानं?”

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण ह्या म्हशीचं दूध मला रोज प्यावं लागत होतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या बाईचं रूप खुपत नव्हतं, तिचे दागिने खुपत नव्हते. दागिने होतेच कुठं? मला खुपत होतं ते तिचं हसू. ज्या माणसाच्या तोंडून मला सणासुदीलाही ‘हं’च्या पलीकडं काही मिळत नव्हतं, त्यानं तिला असं काहीतरी सांगितलं होतं की ती तोंडावर हात ठेवून डोळे मिटून हसली. म्हणजे ह्याच्याकडं शब्द होते. होते आणि तिच्यावर संपले. माझ्या वाट्याला रिकामा डबा आला.

एकदा घरात कुणी नसताना मी आरशासमोर उभी राहून तसं हसून बघितलं. तोंडावर हात, डोळे बंद. डोळे बंद केल्यावर आरशात दिसणार काय? तेवढंही मला सुचलं नव्हतं.

एका दिवाळीला भिंतीला चुना द्यायचा म्हणून मी फोटो उतरवला आणि ट्रंकेमागं ठेवून दिला. चुना वाळला तरी वर लावला नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर फोटो आपल्या खिळ्यावर. ‘कुठं ठेवलास’ नाही, ‘का काढलास’ नाही. हे भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांची एक सवय मात्र होती. कापड कापताना ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मी जवळ गेले की थांबायचे. मला वाटायचं, जप चाललाय. लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, नमः शिवाय चालू असणार. नवरा बोलका नसला तर नसू दे, देवभक्त तरी आहे, असं म्हणून मी त्यातल्या त्यात समाधान मानलं होतं.

तर त्या दिवशी ‘ऐकू येतंय का’ हे उत्तर पुन्हा एकदा ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. ते मी लग्न झाल्यापासून ऐकत होते आणि त्यावर माझा एकदाही विश्वास बसला नव्हता. माणसं टेलिफोनवर रोज विचारतात, ऐकू येतंय का. कुणी हसतं?

“मला गोलघुमट बघायचाय,” मी म्हणाले.

कात्री थांबली.

अक्का शेंगा फोडत बसलेली होतीच. ती म्हणाली, “त्यात काय बघायचंय बाई? मोठं थडगं हाय ते. आणि सिद्दूनं बघितलंय की.”

“त्यांनी बघितलंय. मी कुठं बघितलंय?”

“फोटो हाय की घरात!”

“फोटोत ऐकू येत नाही, अक्का.”

हे मी जळून बोलले होते.  ह्यांनी कापडाची घडी केली, पुन्हा उलगडली आणि म्हणाले, “पहिल्या गाडीनं जावं लागंल. उशीर झाला की शाळेच्या सहली येतात. पोरं ओरडतात, मग काही ऐकू येत नाही.”

एवढं मोठं बोलणं मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. आणि आनंद व्हायच्या आधीच मनात आलं, हे ज्ञान तिच्याबरोबर मिळवलेलं आहे.

रविवारचं जायचं ठरलं. मी कडक भाकरी बांधल्या, शेंगाची चटणी घेतली, दही घेतलं. आणि भाकरींच्या खाली माझ्या दोन साड्या ठेवल्या. मी मनाशी पक्कं केलं होतं. त्या घुमटात जाऊनही ह्यांच्याकडून माझ्यासाठी एक शब्द निघाला नाही, तर सोलापूरची गाडी धरायचीच नाही. विजापूरहूनच मंगळवेढ्याला निघून जायचं. बहिणींची लग्नं झाली होती, वडील गेल्यावर आई एकटी होती, मला कुणी हाकललं नसतं. दुकानात खुशाल राहू देत दोघं, एक कापत आणि एक हसत.

एसटीत ह्यांनी मला खिडकी दिली आणि पिशवी आपल्या मांडीवर घेतली. होटगीपासून पुढं सगळी ज्वारीची काळी रानं. मी मंगळवेढ्याची, मला ज्वारीचं काय कौतुक? पण मला वाटत राहिलं की हीच खिडकी तिला दिली असणार, हीच रानं तिनं बघितली असणार. मी बाहेर बघायचं सोडून समोरच्या बाईच्या अंबाड्याकडं बघत बसले.

विजापुरात उतरलो. घुमट लांबूनच दिसला. मी फोटोत नुसती आतली भिंत बघितली होती, त्यामुळं बाहेरून तो एवढा अवाढव्य असेल असं मला वाटलंच नव्हतं. मान मागं टाकली तरी पुरा दिसेना. कुणा बादशहानं स्वतःच्या कबरीवर एवढं मोठं छप्पर घालून ठेवलंय. क्षणभर मी कस्तुरीला विसरले, हे कबूल करते. पण क्षणभरच, कारण ह्यांनी कुणाला न विचारता नळ शोधला, तांब्या भरून आणला आणि न चुकता कोपऱ्यातल्या जिन्याचं दार गाठलं. ह्यांना सगळं पाठ होतं.

जिना अरुंद, अंधारा, दगडाचा. एक माणूस वर जाताना दुसऱ्यानं अंग चोरायचं. हे पुढं, मी मागं.

एका कमानीपाशी हे थांबले. “इथं डोकं सांभाळ.”

“तिला लागलं होतं वाटतं इथं?”

“हं.”

मग मी कशाला वाकू? ताठ मानेनं गेले आणि टाळकं असं सडकून आपटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले. ज्याचं जळतं त्याला कळतं. ह्यांनी मागं वळून माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोंड उघडून मिटलं की मला जास्त राग यायचा.

वर गच्चीवर आलो. वारा होता, खाली सगळं विजापूर पसरलेलं. तिथून एका ठेंगण्या दारातून घुमटाच्या पोटात शिरायचं. आत गोल सज्जा, कठड्याच्या खाली खोल अंधार आणि त्यात कबरींचा चौथरा एवढासा. आम्ही लवकर आलो होतो तरी एक सहल आमच्या आधी पोचलेली होती. पोरं स्वतःची नावं घेऊन ओरडत होती आणि घुमट एकेक नाव परत परत फेकत होता. कुणी शिट्टी मारली, कुणी कुत्र्यासारखं भुंकलं. मास्तर ‘गप्प बसा’ म्हणाले तर तेही पुन्हा पुन्हा ऐकू आलं. आम्ही दाराशी उभे राहून वाट बघितली. शेवटी पोरं गेली. आवाज मात्र लगेच गेला नाही, थोडा वेळ वरती फिरत राहिला.

मग शांतता. सज्जात आम्ही दोघं आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक म्हातारा फोटोवाला.

“फोटो, बाई? कान लावून काढतात सगळे. पोस्टानं घरी येतो,” तो म्हणाला.

“नको,” हे म्हणाले.

“काढा,” मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. पिशवी माझ्या पायाशी ठेवली. “तू इथंच थांब. मी पलीकडं जातो. पोचलो की हात करतो, मग कान लाव.”

“तिलाही असंच सांगितलं होतं?”

“हं.”

हे भिंतीच्या कडेकडेनं चालायला लागले. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. पाठ गोल वळली, लहान झाली. फोटोवाल्यानं मला भिंतीशी उभं केलं. “बाई, कान आत्ताच लावा. मला उजेड बघायचाय.”

म्हणून मी कान लावला. भिंत गार होती. आधी नुसती घूं ऐकू आली, विहिरीत तोंड घातल्यावर येते तशी. मग त्या घूंमधून चपलांचा आवाज. आणि मग माझ्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी पुटपुटलं.

“…आता काय बोलावं?”

मी दचकून मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. हे पार तिकडं, निम्मं वर्तुळही चालून झालं नव्हतं, मान खाली घालून चालले होते. ओठ मला एवढ्या लांबून दिसत नव्हते, पण हलत असणार. मी पुन्हा कान लावला.

“…मागच्या खेपेला घोळ केलास. ऐकू येतंय का, म्हणं. ते काय बोलणं झालं? आता नीट बोल, सिद्राम. महानंदा, तू… तू काय? तू चांगली आहेस. छे, गिऱ्हाइकाला बोलल्यासारखं वाटतंय. डोकं दुखतंय का विचारावं? तेल लावायला पाहिजे होतं. महानंदा, तुझ्यासारखी काजं सोलापुरात कुणाला जमत न्हाईत. हां. हे खरं हाय. पण बायकोला कुणी काजांचं सांगतं का, येड्या? एवढं मोठं घुमट बांधलंय आणि तू काजांचं बोलणार?… साड्या घेतल्यात तिनं. भाकरीखाली. जाते काय की माहेराला. जाऊ नको म्हणावं. नुसतं तेवढंच म्हणावं, जाऊ नको. पण मग कळंल की मी पिशवी बघितली. न्हाई, ते नको. मग काय… नंदा म्हणावं का? नंदा. नंदा. चांगलं वाटतंय की. पण तिला आवडंल का? आधी विचारायला पाहिजे हुतं…”

हा ह्यांचा जप. लग्न झाल्यापासून कात्रीबरोबर चाललेला, मी जवळ गेले की थांबणारा. माझ्या पोटातून काहीतरी वर आलं. मला वाटलं रडू आहे. पण घशाशी येईपर्यंत त्याचं हसू झालं. मी दाबायला गेले, ते दबेना. आवाज फुटला तर पलीकडं ऐकू जाईल म्हणून मी तोंडावर हात दाबला, डोळे घट्ट मिटले. आणि त्याच वेळी फोटोवाल्यानं फ्लॅश मारला.

डोळे मिटलेले असूनही सगळं लाल झालं. त्या लाल उजेडात मला कळलं की मी कुठं उभी आहे. ह्याच भिंतीशी, ह्याच हातानं तोंड दाबून. तिनंही कान आधीच लावला होता.

पलीकडून ह्यांनी हात केला. घसा खाकरल्याचा आवाज भिंतीतून आला. मग मोठ्या स्पष्ट आवाजात हे म्हणाले, “ऐकू येतंय का?”

“येतंय,” मी भिंतीला म्हणाले.

त्यावर पुढं काहीच आलं नाही. हे चालत परत आले. ह्या वेळी ओठ बंद होते. जवळ येऊन माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “हसलीस का?”

जिभेवर सगळं आलं होतं. काजं, तेल, साड्या, नंदा. एकदा वाटलं, सांगून टाकावं. जे कस्तुरीनं नाही सांगितलं ते मी सांगावं, म्हणजे एका बाबतीत तरी मी तिच्या पुढं. पण सांगितलं असतं तर हा माणूस पुन्हा कधी ओठ हलवता ना. आत जे चाललं होतं त्यालाही टाका घालून बसला असता. तिला हे माझ्या आधी कळलं होतं, याचाही मला राग आला.

“काही नाही,” मी म्हणाले. “असंच.”

ह्यांनी मान खाली घातली. “तीपण असंच म्हणाली होती. मी तर दोघींना नुसतं…”

“ऐकू येतंय का, एवढंच म्हणालात,” मी म्हणाले. “माहीत आहे मला.”

खाली उतरलो. त्या कमानीपाशी मी वाकले. बागेत कडुलिंबाखाली भाकरी खायला थांबलो, तेव्हा मी पिशवीत हात घातला, भाकरीखालची एक साडी काढली आणि झाडाखाली अंथरली. दुसरी घडी करून ह्यांच्यासाठी आसनासारखी ठेवली.

“बसायला आणल्या होत्या,” मी म्हणाले. “दगडावर माणूस किती बसणार?”

हे साडीकडं बघत राहिले, मग खाली बसले. भाकरी मोडता मोडता थांबले. ओठ हलले. मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं, म्हणजे त्यांना पुरेसा वेळ मिळावा.

“चटणी चांगली झालीय,” हे म्हणाले, आणि बऱ्याच वेळानं, “नंदा.”

फोटो पोस्टानं आला. ह्यांनी पहिल्या फोटोशेजारी खिळा मारला. एकसारखं उभं राहणं, एकसारखा हात, एकसारखं हसू, फक्त साड्या वेगळ्या. अक्का कितीतरी वेळ त्या दोन फोटोंखाली उभी होती.

“काय सांगितलं गं ह्यानं तुला?”

“ऐकू येतंय का, एवढंच.”

“मला येडी समजतीस व्हय?” अक्का रागावून म्हणाली. तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता अक्का नाही, हेही नाहीत. दोन्ही फोटो अजून आहेत. गिऱ्हाइकं बहिणी-बहिणी का म्हणून विचारतात, आणि मी हो म्हणते. पण माझं जळणं गेलं असं कुणी समजू नये. तेव्हा हे तरुण होते, नवीनच लग्न झालेलं, त्या वर्तुळावरून चालताना कस्तुरीसाठी काय काय पुटपुटले असतील? माझ्या वाट्याला काजं आली. तिच्या वाट्याला काय आलं होतं? ते ती सांगून गेली नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही. फडक्यानं तिच्या फोटोवरची धूळ पुसताना अजून मी तिला विचारते. ती हसते.

परवा माझी सून अश्विनी चिडून माझ्याजवळ येऊन बसली. मुलगा बापावर गेलाय. दिवसभर कात्री आणि हं.

“ह्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही बघा, अत्या,” ती म्हणाली. “आणि मामांनी तुम्हा दोघींना एवढं कसं हो हसवलं? काय सांगितलं होतं?”

“विजापूरला जाऊन ये,” मी म्हणाले.

“फोटोत बघितलंय की गोलघुमट. नेटवर पण आहे.”

“त्यात ऐकू येत नाही. पहिल्या गाडीनं जा. त्याला पलीकडं चालत पाठव आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघू नको.” मी तिचा कान धरून भिंतीकडं वळवला. “तो पोचायच्या आधी कान लाव.”